कॉलेजच्या अर्जात एडीएचडीबद्दल लिहावं का? (मुलगा बारावीत, अमेरिका)

अबोली_एडिसन | १४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं महिनाभर चाललंय, आज शेवटी बसलेय. मोठं होणार आहे, आधीच सांगते.

मुलगा यंदा बारावीत. कॉमन ॲपचं (एकाच फॉर्मवरून बऱ्याच कॉलेजांना अर्ज करायची साइट) खातं ऑगस्टमध्येच उघडलंय, कॉलेजांची यादी जवळजवळ पक्की आहे, पहिली डेडलाइन १ नोव्हेंबर. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवायची अडचण, त्यातला इनअटेंटिव्ह प्रकार. म्हणजे उड्या मारणारा, वर्गात दंगा करणारा मुलगा हा कधीच नव्हता आणि म्हणूनच कुणाच्या लक्षात आलं नाही. शिक्षक म्हणायचे हुशार आहे पण आळशी आहे. आम्हीपण तेच म्हणायचो. हे टाइप करताना आत्तासुद्धा पोटात तुटतंय.

नववीत सगळे ए आणि दोन बी. दहावीत घसरण, केमिस्ट्रीत सी, इंग्लिशमध्ये सी, अल्जिब्रा टूमध्ये बी मायनस. रोज रात्री एक-दीडपर्यंत टेबलाशी बसलेला असायचा आणि पोर्टल उघडून बघावं तर मिसिंग, मिसिंग, मिसिंग, मग आरडाओरडा, मग त्याचं गप्प बसणं, मग नवऱ्याचं आणि माझं वाजणं. जूनमध्ये शाळा संपल्यावर मी त्याची बॅग धुवायला काढली. तळाशी पुस्तकांच्या वजनाने चपटे झालेले कागद होते, एका केळ्याचा रस लागून दोन एकमेकांना चिकटलेले. मी एकेक सोडवून डायनिंग टेबलावर हाताने सारखे करत लावले. केमिस्ट्रीच्या अकरा वर्कशीट. अकराच्या अकरा पूर्ण सोडवलेल्या, नाव घातलेलं, तारीख घातलेली, उत्तरांना युनिटसुद्धा लिहिलेली. दिलेल्याच नव्हत्या. मी विचारलं अरे दिल्या का नाहीस, तर तो त्या कागदांकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं दिल्या."

त्याच दिवशी डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतली. अकरावीच्या सुरुवातीला निदान झालं, औषध सुरू झालं, शाळेत ५०४ प्लॅन (डिसॅबिलिटी असलेल्या मुलांसाठी सवलतींचा आराखडा) झाला. अकरावीत एक बी प्लस सोडून सगळे ए.

आता प्रश्न. हे अर्जात सांगायचं का? नवरा म्हणतो अजिबात नाही, आपण होऊन त्यांच्या हातात नाकारायचं कारण का द्या. पैसे देऊन जो कन्सल्टंट लावलाय तो म्हणतो मेन एसे ह्याच्यावरच करा, अशा गोष्टीचा प्रभाव पडतो. लेकाला विचारलं तर "मला नाही माहीत" आणि खोलीचं दार बंद.

आमच्या मंडळातल्या कुणालाही माहीत नाही. सासूबाईंनाही नाही. तीच दहा-बारा मुलं त्याच दहा-बारा कॉलेजांना अर्ज करतायत, दर शनिवारी कुणाच्या तरी घरी तोच विषय निघतो आणि मी चहा करायला आत जाते.

कुणी ह्यातून गेलंय का? प्लीज सांगा.

कोथरूडकर | १५ सप्टेंबर, सकाळी ८:०५

अबोली, मुलीसारखी आहेस म्हणून सांगतो, लिहू नका. एकदा शिक्का बसला की पुसत नाही. पोराने अकरावीत मार्क आणलेत ना, मग तेच बोलू द्या. आमच्या वेळी विसरभोळी मुलं वर्गात निम्मी असायची, कुणी त्याला नाव दिलं नाही आणि सगळी मार्गी लागली. माझा नातू ओहायोत आठवीत आहे, त्याच्याबद्दलही शाळेतून असंच काहीतरी पत्र आलंय. मी मुलाला सांगितलं, घाई करू नकोस.

निशिगंध | १५ सप्टेंबर, रात्री ९:२०

अबोली, मी टेक्सासमध्ये पब्लिक हायस्कूलमध्ये काउन्सेलर आहे, नऊ वर्षं हेच काम करतेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, तू एक प्रश्न विचारतेयस पण ते दोन आहेत आणि घरोघरी त्यांचा गुंता होतो. एक म्हणजे अर्ज वाचणाऱ्यांना सांगायचं का. दुसरा म्हणजे ॲडमिशन मिळाल्यावर कॉलेजच्या डिसॅबिलिटी ऑफिसला सांगायचं का. ही दोन ऑफिसं वेगळी, माणसं वेगळी, कागद वेगळे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते हो, हो आणि हो. पहिल्याचं उत्तर मुलागणिक बदलतं.

नवऱ्याच्या भीतीबद्दल. तुमच्या ५०४ प्लॅनला ज्यावरून नाव पडलं तो १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टमधला सेक्शन ५०४. त्याच्याच नियमांप्रमाणे कॉलेजला ॲडमिशनच्या आधी तुम्हाला काही डिसॅबिलिटी आहे का हे विचारता येत नाही. मुलाने आपण होऊन सांगितलं तर त्या कारणावरून नाकारताही येत नाही. आता अर्ज वाचणाऱ्याच्या मनात काय येतं ते कायद्याला दिसत नाही, हे मी मान्य करते, नवऱ्याची काळजी अगदीच हवेतली नाही. पण लपवायला म्हणून काही धडपड करावी लागते असंही नाही. ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे शाळेच्या मार्कांच्या नोंदीवर, ५०४ चा उल्लेख नसतो. एसएटीला (कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) जास्त वेळ घेतला असेल तर स्कोअर रिपोर्टवर तसं काही छापून येत नाही, ती खूण २००३ पासून बंद झाली, त्याआधी यायची आणि त्यावर कोर्टात भांडण झालं होतं. म्हणजे न सांगणं हा सरळ, प्रामाणिक पर्याय आहे. कुणाला फसवल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही.

मग सांगायचं कधी? ट्रान्सक्रिप्ट स्वतःच काहीतरी विचारत असेल तेव्हा. तुझ्या मुलाचं विचारतंय. नववी चांगली, दहावी घसरली, अकरावी वर. वाचणारा माणूस तिथे थांबणारच, आणि कारण दिलं नाही तर तो स्वतःच्या मनाने भरणार. घरात भांडणं होती का, नाद लागला होता का, अभ्यासच केला नाही का. ह्या सगळ्यापेक्षा खरं कारण जास्त चांगलं आहे.

जागा मात्र मेन एसे नाही. त्याचे ६५० शब्द हे मुलगा कोण आहे ते सांगायला असतात, आणि तुझा मुलगा म्हणजे एडीएचडी नव्हे. कन्सल्टंटला हे माझ्याकडून सांग. कॉमन ॲपमध्ये ह्या वर्षीपासून अडचणी आणि परिस्थितीबद्दल २५० शब्दांची वेगळी जागा आहे, आणि ॲडिशनल इन्फर्मेशन आता ६५० वरून ३०० शब्दांवर आणलंय. ह्यातल्या एका ठिकाणी पाच-सहा वाक्यं पुरतात. काय झालं, कधी कळलं, काय केलं, त्यानंतर काय बदललं. रडगाणं नको, माफी नको, औषधाचं नाव तर मुळीच नको. शेवट अकरावीच्या मार्कांवर यायला हवा कारण तो पुरावा ट्रान्सक्रिप्टवर आधीच आहे.

आणि एक. शाळेतली काउन्सेलर पत्र लिहिते त्यात ती ह्याचा उल्लेख करणार आहे का हे आत्ताच जाऊन बोला. बहुतेक मुलं ते पत्र बघायचा हक्क अर्जातच सोडून देतात, त्यामुळे नंतर तुम्हाला कळणार नाही. घरच्यांच्या संमतीशिवाय आम्ही लिहायचं नसतं, पण गृहीत धरू नका, मुलाने स्वतः जाऊन सांगावं की हे लिहा किंवा लिहू नका. मी दरवर्षी मुलांना विचारते आणि दरवर्षी एखादा तरी असतो ज्याला आपल्याला असं काही विचारलं जाईल ह्याचंच नवल वाटतं.

कृष्णाकाठ | १६ सप्टेंबर, पहाटे १२:५०

निशिगंध यांच्या प्रतिसादाला शंभर वेळा अनुमोदन. आम्ही फ्रीमाँटला. मुलीला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अडचण, दुसरीपासून माहीत होतं, शाळेत आयईपी (तिच्यापुरता खास शिक्षणाचा आराखडा) होता. तिने मेन एसेत लिहिलं आणि मी सांगतो काय झालं ते.

पहिला ड्राफ्ट तिने एका रात्रीत लिहिला. आजोबा सांगलीहून आले होते तेव्हा ते तिला पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ती त्यांना चष्मा न लावता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून दाखवायला बघायची, अडखळायची, आणि आजोबा पण अडखळायचे कारण त्यांना इंग्रजी नीट येत नव्हतं. दोघं मिळून एक लेबल वाचायचे. एवढंच होतं त्यात. मग मी हात घातला. मग बायकोने. मग एका मित्राने ज्याची मुलगी मोठ्या कॉलेजात गेली होती. चौदावा ड्राफ्ट झाला तेव्हा त्यात संघर्ष होता, जिद्द होती, पण आजोबा नव्हते. तिने तोच पाठवला कारण डेडलाइन आली होती. काही ठिकाणी मिळालं, काही ठिकाणी नाही, कशामुळे ते कोण सांगणार. ती आता तिसऱ्या वर्षाला आहे, मजेत आहे. पण ती मला एकदा गाडीत म्हणाली, बाबा तो माझा एसे नव्हता. तेव्हापासून मला सांगावंसं वाटतं की सांगायचं का हे जितकं महत्त्वाचं तितकंच कोण सांगतंय हेही आहे.

यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) अर्ज करणार असाल तर तिथला फॉर्म वेगळा. आठातले चार प्रश्न, प्रत्येकी ३५० शब्द, शिवाय जास्तीच्या माहितीसाठी वेगळी जागा. सहसा शिफारसपत्रं घेत नाहीत, त्यामुळे दहावीबद्दल काउन्सेलर सांगेल ही आशा तिथे धरू नका, सांगायचं तर मुलालाच सांगावं लागेल.

वाटसरू८८ | १६ सप्टेंबर, दुपारी १:१५

मी सहसा नुसता वाचतो. आज राहवलं नाही.

कोथरूडकर काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो. त्या निम्म्या विसरभोळ्या मुलांपैकी मी एक. नाशिकला इंजिनीअरिंगला होतो, चार वर्षांची डिग्री साडेपाच वर्षांत झाली. एम थ्रीचा पेपर मी तीनदा दिला, आणि तिन्ही वेळा मला ते गणित येत होतं, मी मित्रांना शिकवायचो, माझ्याकडून शिकून ते पास झाले. पेपरात पहिल्या प्रश्नावर दीड तास जायचा. एकदा तर सप्लिमेंट बांधायची राहिली, बाकावरच ठेवून बाहेर आलो. घरी सांगितलं तेव्हा वडील काही बोलले नाहीत, नुसते उठून गॅलरीत गेले. ते गॅलरीत जाणं मला अजून दिसतं.

निदान झालं एकतिसाव्या वर्षी, इथे, सिएटलला, नोकरी जायची वेळ आली तेव्हा. डॉक्टरांनी विचारलं लहानपणापासून असं होतं का, बारा वर्षांच्या आधीची काही उदाहरणं आहेत का, म्हणून आईला फोन केला. आईने अर्धा तास उदाहरणं दिली. शाळेत डबा विसरणं, एका पायात वेगळा मोजा, दप्तर रिक्षात राहणं. तिला सगळं पाठ होतं. फोन ठेवताना म्हणाली, म्हणजे तू मुद्दाम नव्हतास करत.

काका, नाव दिलं नाही म्हणून मार्गी लागली असं नाही. नाव नव्हतं म्हणून आम्ही स्वतःच एक नाव ठेवून घेतलं, आणि ते नाव एडीएचडीपेक्षा फार वाईट होतं. तुमच्या नातवाची तपासणी होऊ द्या ही हात जोडून विनंती.

अबोलीताई, अर्जात लिहा किंवा नका लिहू. पण त्या अकरा वर्कशीट टाकून देऊ नका.

रविवारची_सकाळ | १६ सप्टेंबर, सायंकाळी ६:३०

फक्त भर घालते. काही ठिकाणी सांगणं हाच प्रवेशाचा भाग असतो. व्हरमाँटमध्ये पटनी गावात लँडमार्क कॉलेज आहे, ते १९८५ मध्ये डिस्लेक्सियावाल्या मुलांसाठीच सुरू झालं, आता एडीएचडी आणि ऑटिझमवाली मुलंही असतात. टूसॉनला युनिव्हर्सिटी ऑफ ॲरिझोनात अशा मुलांना आधार देणारं सॉल्ट सेंटर आहे, त्याचा अर्ज वेगळा, फी वेगळी. अशा ठिकाणी लपवून काही उपयोगच नाही. प्रत्येक मुलाला एवढ्या आधाराची गरज नसते, पण ज्याला असते त्याच्या आईवडिलांनी यादी करतानाच बघावं. आम्ही उशिरा बघितलं.

मुक्ता_पुणे | १७ सप्टेंबर, सकाळी १०:१०

हा धागा अमेरिकेबद्दल आहे पण इथली बाजू सांगते, कारण आमच्याकडे सगळं उलटं आहे. तुमच्याकडे विचारायला बंदी, आमच्याकडे फॉर्ममध्ये रकानाच.

मुलीला डिस्लेक्सिया आणि डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्याचीही अडचण. दहावीला बोर्डाच्या सवलती घेतल्या, तासाला वीस मिनिटं जास्त वेळ, स्पेलिंगचे मार्क कापायचे नाहीत. त्यासाठी सरकारी हॉस्पिटलचं सर्टिफिकेट, ओपीडीच्या रांगा, तीन-चार खेपा. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात जे २१ प्रकार आहेत त्यात स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी (डिस्लेक्सियासारख्या अडचणी) आहे आणि सरकारी कॉलेजांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, पण त्यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. नुसता एडीएचडी त्या २१ मध्ये वेगळा नाहीच. माझ्या बहिणीचा मुलगा त्या फटीत अडकला, त्रास रोजचा पण कागद नाही.

आम्ही राखीव जागेतून अर्ज केला. गुणवत्ता यादी ऑनलाइन लागली तेव्हा नावापुढच्या रकान्यात तेही होतं, आणि तासाभरात मुलीच्या क्लासच्या ग्रुपवर स्क्रीनशॉट फिरला. "हिला काय झालंय, ही तर नॉर्मल दिसते." ती दोन दिवस जेवली नाही. ॲडमिशन मिळाली, हक्काची होती, मी परत तेच करीन. पण तुमच्याकडे मुलाला कुणाला सांगायचं ते निवडता येतं ह्याची किंमत मला विचारा.

एक चांगलं सांगते. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने विकास कुमार विरुद्ध यूपीएससी ह्या खटल्यात सांगितलं की लिहिताना अडचण असलेल्या उमेदवाराला ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नसलं तरी लेखनिक मिळाला पाहिजे. लेखनिकाचं एवढंच, पण ज्यांना कागद मिळत नाही त्यांनी हे नाव लक्षात ठेवा, मी शाळेत प्रिंट नेऊन दाखवली होती.

निशिगंध, मुलगी पुढे एमएससाठी तिकडे यायचं म्हणते. भारतीय विद्यार्थ्यांना हे कायदे लागू होतात का?

निशिगंध | १७ सप्टेंबर, रात्री ८:४५

मुक्ताताई, वाचून गलबलून आलं. हो, लागू होतात, नागरिकत्वाचा संबंध नाही. रिपोर्ट इंग्रजीत आणि सविस्तर हवा, कुठल्या चाचण्या केल्या, स्कोअर काय, रोजच्या अभ्यासात नेमकी अडचण काय. नुसतं टक्क्यांचं सर्टिफिकेट इथे फारसं काही सांगत नाही. निघायच्या आधी तिकडेच करून घ्या, इथे खाजगीत हजारो डॉलर जातात.

अबोली, हेच तुलाही. हायस्कूलचा ५०४ किंवा आयईपी कॉलेजात आपोआप येत नाही. तो शाळेबरोबर संपतो. कॉलेजचं डिसॅबिलिटी ऑफिस नव्याने कागद मागतं, बऱ्याच ठिकाणी गेल्या तीन ते पाच वर्षांतला रिपोर्ट लागतो, आणि डॉक्टरांची दोन ओळींची चिठ्ठी सगळीकडे चालत नाही. यादीतल्या प्रत्येक कॉलेजच्या साइटवर काय लागतं ते आत्ताच वाचून ठेव. मिळतं काय तर परीक्षेला जास्त वेळ, शांत खोली, लेक्चर रेकॉर्ड करायची परवानगी, नोट्ससाठी मदत. अभ्यासक्रम सोपा करून मिळत नाही आणि होमवर्क दिलास का म्हणून कुणी मागे लागत नाही. तुझ्या मुलाची खरी परीक्षा तिथे आहे, ह्या अर्जात नाही.

ऋ_मिशिगन | १८ सप्टेंबर, रात्री २:०५

माझं मराठी टायपिंग हळू आहे. मराठी शाळेत रविवारी शिकलो आहे. आईने हा धागा पाठवला.

मी सोफोमोर आहे, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. मला एडीएचडी आहे. अर्जात मी काही लिहिलं नाही कारण माझे ग्रेड्स ठीक होते. ते बरोबर होतं. पण मग मी डिसॅबिलिटी ऑफिसला पण सांगितलं नाही. मला वाटलं नवीन ठिकाण आहे, मी नवीन माणूस होईन. ते चूक होतं. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क टूच्या मिडटर्ममध्ये मी शेवटची दोन पानं उघडलीच नाहीत. वेळ संपला. ५२ मिळाले. नोव्हेंबरमध्ये मी रजिस्टर केलं. तेव्हा ऑफिसच्या बाई खूप चांगल्या होत्या पण त्या म्हणाल्या की मागचं बदलत नाही. आजपासून पुढे. तो ५२ तसाच राहिला.

लोकांना वाटतं सगळ्यांना कळतं. कळत नाही. प्रोफेसरला जे पत्र जातं त्यात काय आजार आहे ते नसतं, फक्त काय द्यायचं ते असतं. दर सेमिस्टरला ते पत्र मलाच मागावं लागतं. टेस्टिंग सेंटरला मलाच आधी बुक करावं लागतं. माझ्या आईने एकदा फोन केला होता, त्यांनी तिच्याशी बोलायला नाही म्हटलं कारण माझी सही नव्हती. ती रडली. सॉरी आई.

काकू, तुमच्या मुलाला माझ्याशी बोलायचं असेल तर इथे मेसेज करायला सांगा. मला पण वर्कशीट्स बॅगेत सापडायच्या.

अबोली_एडिसन | २१ सप्टेंबर, रात्री १०:३०

काय बोलू. गेले चार दिवस ऑफिसात बाथरूममध्ये जाऊन हा धागा वाचतेय.

वाटसरूदादा, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. तो ऐकता ऐकता उठला, मला वाटलं आता हापण गॅलरीत जाणार. तो लेकाच्या खोलीत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला आणि म्हणाला, त्याला हवं असेल तर लिहू दे. आत काय बोलणं झालं ते दोघांनीही मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलंही नाही.

ऋ, बाळा, त्याने तुला मेसेज केलाय असं म्हणाला. तुझे उपकार कसे फेडू. आणि तुझं मराठी छान आहे.

कोथरूडकर | २२ सप्टेंबर, सकाळी ७:४०

चार दिवस विचार करत होतो. वाटसरू, तुझ्या वडिलांच्या जागी मी स्वतःला बघितलं. माझा मुलगा, म्हणजे नातवाचा बाप, तोही असाच होता. मी त्याला फार मारलं आहे.

काल ओहायोला फोन केला, तपासणी करून घ्या म्हणालो. मुलगा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, बाबा, मी माझीही करून घेऊ का? निशिगंध, मोठ्या माणसाने कुणाकडे जावं?

निशिगंध | २२ सप्टेंबर, रात्री ९:००

काका, नमस्कार करते तुम्हाला. मुलाने त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून सुरुवात करावी, ते सायकियाट्रिस्ट किंवा सायकॉलॉजिस्टकडे पाठवतील. आणि वाटसरूच्या आईसारखीच तुमचीही आठवण लागेल, लहानपणीचं जे जे आठवतं ते लिहून ठेवा.

अबोली_एडिसन | ३० ऑक्टोबर, रात्री ११:५५

आत्ता सबमिट केलं! निशिगंध म्हणाली तसंच केलं. मेन एसे मंडळाच्या गणपतीत तो साउंड सिस्टीम सांभाळतो त्याबद्दल आहे, वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावायची त्याची पद्धत आणि एकदा ऐन आरतीत माइक बंद पडला होता ते. कन्सल्टंट नाराज आहे. असू दे.

दहावीबद्दल त्याने त्या २५० शब्दांच्या जागेत लिहिलं. आम्ही कुणीही हात लावला नाही, मी फक्त स्पेलिंग बघितलं, कृष्णाकाठ यांची शपथ. त्याला विचारून इथे मराठीत सांगतेय: "दहावीत माझे मार्क पडले. मी अभ्यास करत होतो पण केलेलं काम शिक्षकांपर्यंत पोचत नव्हतं. अकरावीच्या सुरुवातीला मला एडीएचडी असल्याचं कळलं. आता मी दारावर एक यादी लावली आहे आणि काम झालं की लगेच फोटो काढून अपलोड करतो, मग बॅग भरतो. अकरावीत माझं एकही काम मिसिंग नाही. दहावीच्या त्या अकरा वर्कशीट आईने जपून ठेवल्या आहेत. मी नंतर त्या तपासल्या. दोन चुका होत्या."

तपासल्या हे मला माहीतच नव्हतं.

काउन्सेलरकडे तो स्वतः गेला, म्हणाला पत्रात उल्लेख केलात तर चालेल पण आधी मला सांगा. त्यांनी सांगितलं.

सासूबाईंना दिवाळीच्या फोनवर सांगितलं. त्यांनी विचारलं, त्याला गोळीने भूक लागते ना नीट. बस, एवढंच.

अबोली_एडिसन | १८ डिसेंबर, सायंकाळी ७:१५

विचारणाऱ्या सगळ्यांसाठी अपडेट. दोन ठिकाणी मिळालं, एक डिफर म्हणजे निर्णय पुढे ढकललाय, बाकीचे निकाल मार्चमध्ये. त्या परिच्छेदामुळे मिळालं की त्याच्याशिवायही मिळालं असतं ते कधीच कळणार नाही आणि आता मला त्याची फार उत्सुकताही राहिली नाही.

जिथे मिळालंय त्यातलं एक त्याला मनापासून आवडतं. आज दुपारी त्याने तिथल्या डिसॅबिलिटी ऑफिसला ईमेल केला, रिपोर्ट कोणता लागेल, रजिस्ट्रेशन कधी सुरू होतं. मला सीसीमध्ये ठेवलं नाही. मी कणीक मळत होते, न राहवून विचारलं, नक्की गेला ना रे ईमेल? तो काही न बोलता फोन घेऊन ओट्यापाशी आला आणि सेंटचा फोल्डर उघडून माझ्यासमोर धरला.